बिनखुणेच्या पोलिस गाडीची कुळकथा

तपासाच्या गाडीवर पोलिसांची खूण नसावी, हा विचार लंडनमध्ये रुजायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. 1829 मध्ये तिथे मेट्रोपॉलिटन पोलिस दल उभे राहिले, तेव्हा लोकांना सर्वांत मोठी धास्ती होती सरकारी हेरांची. म्हणून शिपायाला निळा गणवेश दिला गेला. लष्कराच्या लाल डगल्याहून वेगळा, तरी लांबूनही ओळखू येणारा. काम नसतानाही तो अंगावर ठेवायचा, असा सुरुवातीचा दंडक होता.

धास्ती खोटी नव्हती. विल्यम पोपे नावाचा सार्जंट गरीब चित्रकार असल्याची बतावणी करून एका राजकीय संघटनेत शिरला आणि सभासदांना चिथावू लागला. 1833 मध्ये संसदीय समितीने त्याच्या वर्तनाचा निषेध केला आणि त्याची नोकरी गेली. साध्या वेशावर मात्र समितीने सरसकट बंदी घातली नाही. गुन्हा शोधायला आणि शांतता राखायला तो चालेल, त्यापलीकडे नाही, अशी रेघ तिने आखली. पुढे 1842 मध्ये 2 इन्स्पेक्टर आणि 6 सार्जंटांची डिटेक्टिव्ह शाखा निघाली. माणसे साध्या कपड्यांत आली. गाडीची पाळी यायला पहिले महायुद्ध संपावे लागले.

युद्धानंतर लंडनमध्ये चोऱ्या-दरोडे वाढले. टोळ्या एका भागात हात मारून दुसऱ्या भागात पसार होत आणि पोलिस आपापल्या हद्दीत अडकून पडत. ऑक्टोबर 1919 मध्ये फ्रेडरिक वेन्सली या मुरलेल्या अधिकाऱ्याने 12 डिटेक्टिव्ह निवडले आणि त्यांना शहरभर कुठेही जाण्याची मुभा मिळाली. हाच पुढचा ‘फ्लाइंग स्क्वॉड’. नजरेत न येण्याचे मोल वेन्सली यांना तरुणपणापासून ठाऊक होते. जॅक द रिपरच्या शोधात व्हाइटचॅपलमध्ये रात्रीची गस्त घालताना पावलांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी बुटांच्या तळाला सायकलच्या टायरचे रबर ठोकले होते.

पथकाची सुरुवात झाली घोडागाडीपासून. ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडून घेतलेल्या मालवाहू गाडीच्या ताडपत्रीला बारीक भोके पाडली आणि आत डिटेक्टिव्ह बसले. माल पोहोचवणाऱ्या अशा गाड्या रोज रस्त्यात दिसत, त्यामुळे ती उभी राहिली तरी कुणी वळून पाहत नसे. पाठलागाला ती कुचकामी होती. पाळत ठेवणे एवढेच तिचे काम. वेग आला 1920 मध्ये, पूर्वी रॉयल फ्लाइंग कोअर या लष्करी हवाई दलाकडे असलेल्या 2 क्रॉसली टेंडर मोटारींमुळे. त्या ताशी सुमारे 65 किलोमीटर धावत. तेव्हा तिथली वेगमर्यादा 32 किलोमीटर होती. पुढे त्यांत बिनतारी यंत्रणाही बसली.

आज अशी वाहने जगभरच्या तपास यंत्रणांकडे आहेत आणि गुन्हेगारावर पाळत ठेवायला ती लागतातच. पण 1833 ची ती रेघ गाडीलाही लागू पडते. रस्त्यावर तिची ओळख लपली, तरी दप्तरात लपता कामा नये. कोणत्या प्रकरणासाठी, कुणाच्या हुकमाने आणि कुठे ती गेली, याची नोंद हवी. आणि ती नोंद न्यायालयाला मागता यायला हवी. एवढे बंधन पाळले, तरच लोकांनी या गाडीवर विश्वास ठेवावा.