पंचविसाव्या दिवसापर्यंत

सन 1793. पुण्याजवळ एका कुंभाराच्या ओसरीवर तुम्ही उभे आहात. हा विटा पाडणारा कुंभार आहे. अंगणात ओल्या मातीचा वास, आणि ओसरीवर उताणा निजलेला एक माणूस. त्याला नाक नाही.

कावसजी त्याचं नाव. शेतकऱ्याच्या घरचा मराठा, इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. नाक कापलं म्हणजे अब्रू गेली, असं आपण बोलताना सहज म्हणतो. कावसजी वर्षभर तेच तोंडावर घेऊन माणसांत वावरला आहे.

मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, तुमच्या शेजारी उभे राहून बघताहेत. गुंगीचं औषध नाही. ईथर यायला अजून 53 वर्षं आहेत.

"हलू नकोस गड्या," कुंभार म्हणतो.

तो मेणाची पातळ चकती तुटक्या नाकावर बसवतो आणि चिमटीने दाबत तिला नाकाचा आकार देतो. मग तेच मेण उलगडून सपाट करतो, कपाळावर ठेवतो, भोवती रेघ ओढतो. मातीचं माप घेणारी बोटं आता कातडीचं माप घेताहेत. पातं फिरतं. कावसजीचे दात करकरतात. तुम्हाला मान वळवावीशी वाटते, पण वळवू नका. खरी गोष्ट आता दिसणार आहे.

मेणाएवढी कातडी सोडवत कुंभार खाली येतो आणि दोन भुवयांच्या मधे थांबतो. तिथली एक अरुंद पट्टी तो कापत नाही. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक धमनी कपाळावर चढते. नव्या नाकाला मुळाकडून रक्त मिळेपर्यंत हीच पट्टी त्याला जगवणार आहे. पट्टी तुटली तर नाक काळं पडून गळून जाईल.

आता तो तुटक्या नाकाच्या कडेचा जुना वण तासून ताजा करतो, त्यामागे खाच पाडतो. कपाळाची कातडी पीळ देऊन खाली वळवतो, म्हणजे तिची वरची बाजू वरच राहते. कड खाचेत बसवतो. मग पानात घालतो तो काथ पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना फासतो आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवतो. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही.

तुम्हीही थांबा. चार दिवसांनी त्या पट्ट्या निघतात, तुपात भिजवलेलं कापड येतं. पाच-सहा दिवस कावसजी पाठीवरच. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे जातात, कारण नुसतं नाक दिसून भागत नाही, त्यातून श्वास जायला हवा. एक माशी नव्या नाकाच्या शेंड्यावर बसते. कावसजीचा उरलेला हात कपाळाकडे जातो. ही कातडी अजून स्वतःला कपाळच समजते आहे.

पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कुंभार भुवयांमधली ती कातडीची पट्टी तोडतो आणि थोडं तासून आकार नीट करतो. तुमच्या काळात कर्करोगाने नाक गेलेल्या माणसाला कपाळाच्या कातडीचं नाक करतात, तेव्हाही ही पट्टी बहुधा तीन आठवड्यांच्या सुमारास सोडवतात. नाकपुड्या खचू नयेत म्हणून आता आतून अस्तर देतात, कानाची किंवा बरगडीची कूर्चा आधाराला घालतात. थांबणं मात्र चुकलेलं नाही.

ऑक्टोबर 1794. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये या शस्त्रक्रियेवर एक पत्र छापून येतं. ती यशस्वी होते, असं त्यात म्हटलेलं आहे. तुम्ही आजचे आहात, म्हणून विचारा: किती जणांवर केली? किती फसल्या? पत्रात आकडा नाही. ज्या कारागिराने हे केलं त्याचं नावही नाही, फक्त जात आहे. हे वाचताना मला आजही हळहळ वाटते.

पण एक गोष्ट त्या लोकांनी अगदी बरोबर केली. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीला समोर बसवून त्याचं चित्र काढलं. ती फेरतपासणीच होती. ओसरीवर रक्त थांबलं तेव्हा कुणालाच काही कळलेलं नव्हतं. नाक टिकलं का, श्वास जातो का, माणूस पुन्हा चारचौघांत बसतो का, हे पुन्हा जाऊन बघावं लागतं. बघितलं आणि नोंदलं, म्हणूनच ही विद्या पुढे गेली. 1814 साली लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूने याच रीतीने नाक केलं आणि 1816 साली त्यावर पुस्तक लिहिलं.

परतण्याआधी वेल्ससमोर बसलेल्या कावसजीकडे एकदा बघा. कपाळावरचा वण फिकट झाला आहे. एक माशी घिरट्या घालते आणि नाकाच्या शेंड्यावर टेकते. त्याचा हात उठतो आणि सरळ नाकाकडे जातो.