डीडी फ्री डिश स्वतः कशी सेट करायची? स्ट्रेंग्थ आणि क्वालिटीतला फरक समजून घ्या

डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची मोफत सेवा आहे. डिश आणि सेट-टॉप बॉक्स एकदा घेतला की महिन्याचा रिचार्ज नाही. डिश हलली तर दरवेळी मेकॅनिकला पैसे द्यायची गरज नाही, मोबाईलमधला कंपास वापरून तुम्हीही ती सेट करू शकता.

डिशची दिशा

सिग्नल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतो. तो ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणून महाराष्ट्रात डिशचं तोंड आग्नेयेकडे ठेवायचं. मुंबईत कंपासवर साधारण १३१ अंश, नागपुरात १४५ अंश. त्या बाजूला झाड किंवा उंच इमारत आडवी येता कामा नये. कंपास बघताना लोखंडी पाइपपासून थोडं लांब उभे राहा, नाहीतर आकडा चुकतो.

सेटिंग

१. बॉक्स बंद करून केबल जोडा. केबलच्या जाळीची तार मधल्या तांब्याच्या तारेला चिकटू देऊ नका, शॉर्ट होतं.
२. मेनूमध्ये इन्स्टॉलेशन उघडा. एलएनबी 'युनिव्हर्सल' (९७५०/१०६००) ठेवा.
३. फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाका.
४. डिश अगदी थोडी सरकवा, दोन-तीन सेकंद थांबा, मग पुढे. घाई केली तर सिग्नल हातून निसटतो.
५. क्वालिटी सर्वात जास्त येईल तिथे नट घट्ट करा. शेवटी एलएनबी किंचित फिरवून पाहा, मग चॅनल स्कॅन करा.

दोन पट्ट्या काय सांगतात?

इथेच बरेच जण फसतात. स्ट्रेंग्थ भरपूर दिसली म्हणजे डिश बरोबर लागली असं नाही. उपग्रह सापडला की नाही, हे क्वालिटी सांगते.

- दोन्ही शून्य: केबल, कनेक्टर किंवा एलएनबी तपासा.
- स्ट्रेंग्थ आहे, क्वालिटी शून्य: डिशची दिशा किंवा टाकलेले आकडे चुकले.
- क्वालिटी वर-खाली होते: नट सैल आहे, फांदी आड येते किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलंय.

जोरदार पावसात चित्र थोडा वेळ अडकणं नॉर्मल आहे, तेव्हा डिशला हात लावू नका. पण साध्या सरीतही चॅनल जात असेल, तर उघडीप झाल्यावर क्वालिटी पुन्हा वाढवून घ्या. आणि गच्चीवर एकटे चढू नका. एकाने डिश हलवायची, दुसऱ्याने टीव्हीसमोर बसून फोनवर आकडा सांगायचा.