चतुरंगाचा वारसा आणि चेन्नई

‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ (१९९९) या संगणकीय खेळात ड्रॅगन आणि ग्रिफिन षटकोनी चौकटींच्या रणांगणावर लढतात. मात्र प्रत्येक तुकडी आपली पाळी आल्यावरच हालचाल करते. पाळीपाळीने लढण्याच्या या रचनेचा जुना पूर्वज भारतीय आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सैन्याचा पटावरील खेळ म्हणजे चतुरंग. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त त्याचा उल्लेख येतो.

या परंपरेचा एक महत्त्वाचा, पण विस्मृतीत गेलेला दुवा मद्रासमध्ये सापडतो. गुलाम कासिम आणि जेम्स कॉक्रेन यांनी १८२९ साली तेथे ‘मूझिओ गॅम्बिट’चे विश्लेषण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वेगवान हल्ल्यासाठी पांढऱ्याने आपला घोडा बळी द्यावा, असा हा डाव. याच ग्रंथात मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्रांद्वारे खेळले गेलेले दोन डावही नोंदवले आहेत. चाल लिहून ठेवली की ती इतरांना तपासता येते, दुरुस्त करता येते, खोडूनही काढता येते. विज्ञानातील प्रयोगाच्या नोंदवहीचे काम याहून वेगळे नसते.

आज चेन्नईचे यश पाहून ‘तेथील मातीतच बुद्धिबळ आहे’ असे सहज म्हटले जाते. इतिहास मात्र निराळे कारण सुचवतो. १९६१ साली मॅन्युएल आरोन हे भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. पुढे मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातील ‘ताल चेस क्लब’मुळे मुलांना पुस्तके, पट आणि तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळाले. तेथेच घडलेले विश्वनाथन आनंद १९८८ साली देशाचे पहिले ग्रँडमास्टर झाले. २०२२ साली शेजारच्या मामल्लपुरम येथे बुद्धिबळ ऑलिम्पियाड भरले आणि डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईचा डी. गुकेश वयाच्या १८ व्या वर्षी जगज्जेता ठरला. गुकेशच्या जडणघडणीत आनंद यांच्या मार्गदर्शनाचाही वाटा होता.

क्लॉड शॅनन यांनी १९५० साली बुद्धिबळातील संभाव्य डावांची संख्या सुमारे १० चा १२० वा घात असल्याचा अंदाज मांडला. इतका अफाट विस्तार एकट्याच्या प्रतिभेने पार होत नाही. मागच्यांच्या नोंदी आणि सोबत्यांची टीका लागते. १९९७ साली ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्ह यांना हरवले. आता तशी, किंबहुना अधिक प्रबळ, इंजिने मोबाइलवर विनामूल्य उपलब्ध आहेत. म्हणजे विश्लेषणाचे साधन गावोगावी पोहोचले आहे. पण हरल्यानंतर समोर बसून डाव पुन्हा मांडणारा सोबती इंजिन पुरवत नाही.

नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा हा वारसा एका शहराची मक्तेदारी नाही, हे दिसून आले. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात संध्याकाळी चार पट मांडले जातात का, हा प्रश्न म्हणूनच क्रीडाधोरणाइतकाच शिक्षणाचाही आहे.