गोचीड गळून पडला म्हणजे उपाय लागू पडला का?

विषय वाचून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, आणि बोलणार काय, तर गोचिडावर! पण ज्याच्या घरी गाय आहे, कुत्रं आहे, किंवा पावसाळ्यात वावरातून येणारं लेकरू आहे, त्याला हा विषय हसण्याचा वाटणार नाही. माणसाला किंवा जनावराला चिकटलेला गोचीड काढायचे घरगुती उपाय आणि त्यांचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. त्यातून एका प्रश्नाकडे जायचं आहे: उपाय लागू पडला, हे आपण कशावरून ठरवतो?

आधी आपल्याकडचे उपाय मांडू. गोचिडाला पेटती उदबत्ती किंवा आगकाडी टेकवायची. घासलेटाचा बोळा ठेवायचा. मीठ चोळायचं, तेलहळद लावायची. ढोरांना तंबाखूचं पाणी, करंजाचं किंवा निंबोळीचं तेल लावायचं. सीताफळाच्या बिया वाटून लेप द्यायचा. गोठ्यात निंबाच्या पाल्याचा धूर करायचा. आणि सगळ्यांत सोपा म्हणजे हातानं उपटायचा आणि दोन नखांत धरून फोडायचा. या यादीला सरसकट अडाणीपणा म्हणणं चूक, आणि आजीनं सांगितलं म्हणून सगळंच खरं मानणंही चूक. आम्हाला प्रत्येक उपाय सुटा करून तपासायचा आहे.

या कृमीकीटकांशी आपल्या समाजाचं नातं जुनं आहे. विदर्भात पोळ्याचा दुसरा दिवस आठवा. अनेक गावांत पहाटे मारबतीच्या नावानं आरोळी उठते, आणि माशा, डास, खोकला, रोगराई सगळं गावाच्या शिवेबाहेर घेऊन जा, असं तिला सांगितलं जातं. लक्षात घ्या, चावणारे जीव आणि आजार लोक एकाच दमात हाकलत होते. या दोघांचा काही संबंध आहे, हे प्रयोगशाळेत सिद्ध होण्याआधीच लोकांच्या मनात बसलेलं होतं.

त्याहून बारीक निरीक्षण ज्ञानेश्वरीत आहे. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 चा हा ग्रंथ. त्याच्या नवव्या अध्यायात गायीच्या आचळाला चिकटलेल्या गोचिडाचा दृष्टान्त येतो. पवित्र, गोड दूध कातडीच्या पदराआड अगदी जवळ असतं, पण गोचीड ते सोडून रक्तच पितो. ज्ञानेश्वरांना सांगायचंय ते माणसाबद्दल. जवळचं श्रेय सोडून तो नको तिथे तोंड लावतो. पण दृष्टान्त सुचायला कोणीतरी गोठ्यात नीट पाहिलेलं असावं लागतं. कास, कानामागची बाजू, शेपटीखालची जागा, अशा पातळ कातडीच्या ठिकाणी गोचीड बसतो, हे आजचा पशुवैद्यही सांगतो.

आता थोडं दूर, ग्रीसमध्ये जाऊ. ॲरिस्टॉटल हा प्राण्यांचा मोठा अभ्यासक. त्यानं लिहून ठेवलं की गोचीड हे हरळीसारख्या गवतापासून उत्पन्न होतात. आज हे वाचून आपण हसतो. पण त्यानं पाहिलं होतं ते खरं होतं. गवतातून आलेल्या जनावराच्या अंगावर गोचीड दिसतात, कारण अंड्यांतून निघालेली पिल्लं गवताच्या पात्यावर चढून वाट पाहत बसतात. निरीक्षण बरोबर, त्यावरून काढलेलं कारण चूक. मंडळी, हा फरक ध्यानात ठेवा. आजच्या विषयात तो पुन्हापुन्हा येणार आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत याच्या उलट घडलं. टेक्सासकडची गुरं हाकत उत्तरेला नेली की ती स्वतः धडधाकट राहत, पण त्यांच्या वाटेवर चरणारी उत्तरेकडची गुरं तापानं मरत. काही गुराखी म्हणत, हे गोचिडांचं काम आहे. बऱ्याच विद्वानांना ते पटत नव्हतं. शेवटी थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबर्न या सरकारी खात्यातल्या दोघांनी 1889 पासून प्रयोग मांडले. एका कुरणात दक्षिणेची गोचिडासकट गुरं आणि उत्तरेची गुरं एकत्र ठेवली. दुसऱ्या ठिकाणी दक्षिणेच्या गुरांचे गोचीड हातानं वेचून काढले आणि मग त्यांना उत्तरेच्या गुरांत सोडलं. तिसऱ्या ठिकाणी दक्षिणेचं एकही गुरू नव्हतं, नुसते गोचीड टाकले होते. पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी उत्तरेची गुरं आजारी पडली, दुसऱ्या ठिकाणी पडली नाहीत. 1893 मध्ये हा अहवाल निघाला. गुराख्यांचं म्हणणं खरं होतं, पण खरं असणं आणि सिद्ध होणं यांच्यात तीन कुरणांचं अंतर होतं.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर 1957 सालचं. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्याच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. लोकांनी नाव दिलं, माकडताप. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं, त्याचा विषाणू शोधला आणि तो पसरवणारा जंगलातला गोचीड ओळखला. लोकांनी माकड पाहिलं होतं, ते खोटं नव्हतं. पण माकडावरून माणसावर येणारा इतका बारीक होता की तो नजरेत भरला नाही. हाच ताप 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पोहोचला.

एवढी पूर्वपीठिका झाली. आता काढण्याच्या उपायांकडे वळू.

उदबत्ती टेकवली, गोचीड पडला. घासलेट लावलं, तासाभरानं गोचीड पडला. आपण म्हणतो, गुण आला. पण गोचीड पोट भरलं की आपोआपच पडतो. तर्कशास्त्रातला हा जुना दोष आहे: एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिल्यामुळेच दुसरं घडलं, असं धरणं. मग जे पडले नाहीत त्यांचं काय? 1985 मध्ये अमेरिकेत ग्लेन नीडहॅम यांनी हीच लोकप्रिय साधनं तपासली. व्हॅसलीन, नखांचं पॉलिश, स्पिरिट आणि गरम काडी. मोठे, घट्ट चिकटलेले गोचीड यांपैकी कशानंही सुटले नाहीत.

का सुटले नाहीत, तेही पाहू. गोचीड हा कीटक नव्हे, कोळ्याच्या कुळातला, मोठेपणी आठ पायांचा जीव. त्याच्या तोंडाच्या सोंडेला मागे वळलेले काटे असतात. वरून लाळेतून सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडून बरेच गोचीड स्वतःला कातडीत पक्कं बसवतात. लाळेत बधिर करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, म्हणून चावल्याचं कळत नाही. तेल लावून श्वास कोंडावा, तर तो तासाला मोजकेच श्वास घेतो. याकोब फोन युक्स्क्यूल या जीवशास्त्रज्ञानं 1934 मध्ये गोचिडाच्या जगाचं वर्णन केलं, ते तत्त्वज्ञानाच्या वर्गात आजही शिकवतात. घामातल्या एका आम्लाचा वास, ऊब आणि केस नसलेली कातडी, या तीन खुणांवर त्याचं सारं जग उभं. बाकी त्याचं काम एकच, वाट पाहणं. अशा जीवाला आपण घाईनं डिवचतो.

आणि खरा धोका इथंच आहे. चटका दिलेला किंवा पोटावर दाबलेला गोचीड त्याच्या पोटातला द्रव जखमेत सोडू शकतो. रोगाचे जंतू असले तर ते त्यात असू शकतात. म्हणजे ज्या क्षणी आपण "पडला बघ" म्हणतो, त्याच क्षणी कदाचित नुकसान झालेलं असतं, आणि ते दिसायला काही दिवस लागतात. तोवर उपायाची कीर्ती शेजारच्या चार घरांत पोहोचलेली असते.

नखांत फोडण्याचंही तसंच. 2011 च्या जानेवारीत गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात क्रिमियन काँगो रक्तस्रावी तापाचा भारतातला पहिला उद्रेक पुण्याच्याच संस्थेनं निश्चित केला. रुग्णाबरोबरच तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्यात गेले. हा विषाणू गोचीड चावल्यानं येतो, तसा उघड्या हातानं गोचीड चिरडल्यानंही येऊ शकतो. प्रत्येक गोचिडात रोग असतो असं मुळीच नाही, घाबरून जाऊ नका. पण कोणत्या गोचिडात आहे हे नखाला कळत नाही.

कोणी म्हणेल, सर, आमच्या आजोबांनी आयुष्यभर हेच केलं, त्यांची ढोरं कुठं मेली? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर इतिहासातच आहे. आजोबांच्या गोठ्यात गवळाऊसारखी देशी गाय होती. देशी गुरांच्या अंगावर गोचीड कमी टिकतात, आणि गोचीडतापालाही ती बरीच तोंड देतात. दिवसभर मोकळं चरणं, पाठीमागे गायबगळे, गोठ्यात टिपत फिरणाऱ्या कोंबड्या, सारवलेली जमीन, चुना लावलेल्या भिंती. निंबोळीचं तेल हा या सगळ्या व्यवस्थेतला एक छोटा भाग होता. 1970 नंतर दुधासाठी जर्सी आणि होल्स्टीनचे संकर गावोगाव आले. दूध वाढलं, घरात पैसा आला, ते चांगलंच झालं. पण या गायीला थायलेरिया, म्हणजे गोचीडताप, लवकर पाडतो. बबेसियानं लघवी लाल होते. गाय बदलली, गोठा बदलला, आणि जुन्या व्यवस्थेतला एकच उपाय तेवढा आपण धरून ठेवला. टेक्सासची गाय आणि उत्तरेची गाय यांचीच ही गोष्ट आहे.

दुसऱ्या टोकाचंही बोललं पाहिजे. घरगुती नको म्हणून काही जण कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात कालवून बैलाला, कुत्र्याला लावतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला तरी हे समजावून सांगावं लागू नये. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कातडीतून विष आत जातं. आणि जनावर तर अंग चाटतं. "देशी म्हणजे निरुपद्रवी" हेही खरं नाही. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटीन विषच आहे. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. कुत्र्यासाठीचं परमेथ्रीन असलेलं औषध मांजराच्या जिवावर बेततं. तेव्हा देशी की विलायती, हा वाद बाजूला ठेवू. कशाचं काय होतं, एवढंच विचारू.

मग करायचं काय? माणसाच्या अंगावर असेल तर बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचिडाला कातडीलगत, तोंडापाशी धरा, पोटाला नाही. सरळ वर, एकसारख्या जोरानं ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि चिमट्यानं सहज निघाला नाही तर सुईनं उकरू नका, कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा आणि हात साबणानं धुवा. तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पुरळ काही आलं तर डॉक्टरांना गोचिडाचं आवर्जून सांगा. ते सांगितलं नाही, तर निदान चुकायची शक्यता वाढते.

कुत्र्यामांजरांना हीच पद्धत. ढोरांचे गोचीड हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून वेचा आणि वाटीतल्या घासलेटात टाका. घासलेटाची जागा वाटीत आहे, कातडीवर नाही. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, आणि ती घालते भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली. म्हणून भेगा बुजवा, चुना मारा, कोंबड्या असतील तर फिरू द्या. निंबाला नावं ठेवू नका. गोचिडाच्या वाढीवर आणि अंडी घालण्यावर निंबोळीतल्या द्रव्यांचा परिणाम दिसलेला आहे. पण ते काम सावकाश, प्रतिबंधाचं आहे. चिकटलेला गोचीड सोडवण्याचं नाही. अंगावर फार झाले असतील किंवा जनावर तापलं असेल, तर पशुवैद्याकडे जा. लावायचं औषध आणि त्याचं प्रमाण त्यांनी सांगायचं.

आजीच्या बटव्यात दोन गोष्टी असतात, एक पाहणी आणि दुसरी कृती. पाहणी अनेक पिढ्यांची असते, तिला आम्ही हात जोडतो. कृती मात्र दर पिढीनं तपासून घ्यायची असते, कारण गाय बदलते, घर बदलतं, आणि गोष्टी नव्यानं कळतात. जिनं गोचीड कुठं बसतो हे आपल्याला दाखवलं, तिच्या हातात आज चिमटा दिला असता तर तिनंही तो नक्की वापरला असता.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.