करंड्यावरचा श्लेष

छिंग घराण्याच्या राजवाड्यातील रत्नजडित सुवर्णकरंड्यांकडे आपले लक्ष प्रथम जाते ते कारागिरीमुळे: सोन्याच्या तारेचे जाळीकाम, खंड्या पक्ष्याच्या निळ्या पिसांचे जडावकाम, मोती, माणके. परंतु हे करंडे पाहण्याइतकेच वाचण्यासाठीही घडवलेले आहेत, आणि त्यांची लिपी श्लेषाची आहे.

चिनी भाषेत एकाच उच्चाराचे शब्द विपुल. खुद्द डबीला ‘ह’ म्हणतात. ‘मीलन’ आणि ‘सलोखा’ या अर्थांच्या शब्दांचा उच्चारही तोच. त्यामुळे डबी रिकामी असली तरी दांपत्याला आशीर्वाद देतेच. झाकणावर भोपळ्याचा वेल असला, तर वंशवेलाची ती प्रतिमा थेट ‘शर चिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहातून आलेली असते. वेलावर फुलपाखरू का बसते? कोवळ्या भोपळ्याचा शब्द आणि फुलपाखराचा शब्द, दोन्ही उच्चारात एकच. डाळिंबाचा श्लेष त्याहून सोपा: ‘त्झ’ म्हणजे बी आणि ‘त्झ’ म्हणजे पुत्र. मुलगी या श्लेषात बसत नाही, हे आपण नजरेआड करू नये.

हे वाचन सर्वांनाच साधत होते असे मात्र नाही. सहाव्या शतकात उत्तर छी घराण्याचा सम्राट वेनश्वेन (राज्यकाल ५५०–५५९) एका नवविवाहित राजपुत्राच्या सासुरवाडीस मेजवानीला गेला. वधूच्या आईने त्याच्यापुढे दोन डाळिंबे ठेवली. अर्थ कोणालाच सांगता येईना, तेव्हा सम्राटाने ती फेकून दिली. इतिहासकार वेई शौ म्हणाला, डाळिंबाच्या पोटात बिया पुष्कळ. लेकीचे घर असेच मुलांनी भरावे, अशी आईची इच्छा आहे. सम्राट प्रसन्न झाला, डाळिंबे परत आणवली आणि वेई शौला भरजरी कापडाचे दोन तागे दिले. समीक्षकाला इतके रोख मानधन क्वचितच मिळाले असेल!

त्या आईची इच्छा मायेची होती. तेच डाळिंब सोन्यात मढून राणीच्या दालनात आले की आशीर्वादाची मागणी होते, असे आम्हांला वाटते. छ्येनलुंग सम्राटाला (राज्यकाल १७३५–१७९६) १७ मुलगे होते. त्याच्या काळी ही चिन्हे वस्तुस्थितीचेच वर्णन वाटली असतील. पुढे तसे राहिले नाही. वडिलांमागून मुलगा गादीवर बसला, असे छिंग घराण्यात अखेरचे घडले ते १८६१ मध्ये. तो थुंगची सम्राट १८७५ मध्ये निपुत्रिक वारला. १८८९ मध्ये ग्वांगशू सम्राटाचे लग्न झाले, तेव्हा खुन्निंग महालातील शय्येभोवती शंभर बालकांचे भरतकाम असलेला पडदा लावला होता. त्यालाही मूल झाले नाही. १९०८ मध्ये तो वारला आणि सावत्र भावाचा दोन वर्षांचा मुलगा, पु यी, आणून सिंहासनावर बसवावा लागला.