सिमेंटचा पत्रा

घराच्या छपरासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गवत, झावळ्या, धाबे, नळीची कौले, मंगलोरी कौले, पत्रा. प्रत्येक शब्दामागे एक प्रदेश आणि एक ऐपत उभी आहे. या मालिकेत शेवटी आलेल्या एका वस्तूला मात्र तिचे स्वतःचे नाव मिळाले नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या छपराला आपण 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो. तसे हे नाव खोटे नाही, कारण त्या पत्र्यात बव्हंशी सिमेंटच असते. तंतूंचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. धोका आहे तो या दहा टक्क्यांत, आणि नेमका तोच नावातून गळाला आहे.

या वस्तूच्या बाबतीत नावांचा घोळ पुरातन आहे. ग्रीक भाषेत 'अ‍ॅस्बेस्टॉस' म्हणजे न विझणारा, आणि हे विशेषण मुळात लावले जाई ते कळीच्या चुन्याला. आजच्या ग्रीकमध्येही त्या शब्दाचा वंशज चुन्याचाच वाचक आहे. तंतुमय खनिजाला ग्रीक लोक 'अमियांतोस' म्हणत, म्हणजे निष्कलंक. आगीत टाकले तरी त्यावर डाग राहत नसे, म्हणून. फ्रेंच आणि इटालियन भाषांनी हेच नाव पुढे चालवले. विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन उद्योजकाने सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांच्या मिश्रणातून पातळ, टिकाऊ फरश्या काढल्या आणि त्यांना नाव दिले 'एटर्निट'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ चिरंतनता. न विझणारे, निष्कलंक, चिरंतन : देवाच्या सहस्रनामात शोभावीत अशी ही विशेषणे!

रोगाला नाव मिळण्यास मात्र वेळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत कोणी मोजली हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे नेली केरशॉ ही स्त्री अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातण्याच्या कामावर होती. १९२२ मध्ये ती काम करण्यास असमर्थ ठरली. डॉक्टरांनी कारण लिहिले 'अ‍ॅस्बेस्टॉसची विषबाधा'. पण नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत असा रोगच नव्हता. त्यामुळे मालकांनी जबाबदारी नाकारली. १९२४ मध्ये वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ती वारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करणाऱ्या विल्यम कुक यांनी त्याच वर्षी या विषयावर लेख लिहिला, आणि १९२७ मध्ये रोगाला 'अ‍ॅस्बेस्टोसिस' हे नाव रूढ केले. पुढे १९३० च्या सरकारी अहवालात तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी चतुर्थांशाहून अधिकांच्या फुप्फुसांत व्रण आढळले आणि त्यानंतर नियम झाले. शब्द नसल्यामुळे दाद नाही, हा अनुभव साहित्याच्या विद्यार्थ्यांना इतर संदर्भांत परिचित आहे. येथे तो अक्षरशः कायद्याच्या यादीत घडला.

हे कारखान्यापुरतेच आहे, असा समज पुढील तीन दशके टिकला. १९६० मध्ये वॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या आवरणाचा हा दुर्मीळ कर्करोग होता, आणि त्यांत असेही रुग्ण होते की ज्यांनी खाणीत कधी काम केलेच नव्हते. ते केवळ खाणीच्या आसपास वाढले होते. हा रोग श्वासातून तंतू आत गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो.

उत्तर इटलीतील काझाले मोनफेर्रातो या गावी एटर्निटचा कारखाना १९०७ पासून १९८६ पर्यंत चालला. नळ कातताना पडणारी भुकटी गावकरी अंगणात आणि माळ्यावर पसरण्यासाठी घरी नेत. अंगणात त्यांची मुले खेळली. कारखान्याची पायरी न चढलेली माणसेही पुढे त्याच कर्करोगाने गेली. १९८७ मध्ये गावाने आपल्या हद्दीत अ‍ॅस्बेस्टॉसला मनाई केली, देशाने १९९२ मध्ये. खटला चालला, २०१२ मध्ये शिक्षा झाली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतीच्या मुद्द्यावर रद्द केली. रोगाची मुदत कायद्याच्या मुदतीहून मोठी निघाली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाला, निदान कागदावर, ही गोष्ट उमगली होती. १९९५ च्या निकालात त्याने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामास लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा काम सोडल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपण्याचा आदेश दिला. पण या नोंदी कारखान्याच्या. पत्रा घरावर चढवणारा, पावसाळ्यापूर्वी त्याला भोक पाडणारा, फुटल्यावर तो बदलणारा माणूस कोणत्या वहीत असतो? युरोपीय संघाने २००५ पासून ही वस्तू हद्दपार केली. आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा आजही राजरोस विकला जातो. तो लोक घेतात यात त्यांचे अज्ञान पाहणे अन्यायाचे होईल. कोकणात खाऱ्या हवेने लोखंडी पत्रा गंजतो, कौले माकडे फोडतात. हा पत्रा गंजत नाही, लोखंडाइतका तापत नाही आणि स्वस्तही पडतो.

आमच्या महाविद्यालयातील (नाव देण्याचे प्रयोजन नाही) दोन वर्ग अशाच पत्र्याखाली भरत. आम्ही, म्हणजे मराठी विभागातील तिघे, तेथे पंधरा-सोळा वर्षे शिकवत आलो. अखंड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत, हे खरे. तो कापताना, फोडताना, जुना होऊन झिजताना सुटतात. दोन वर्षांपूर्वी ते छप्पर उतरवले, म्हणजे हातोड्याने फोडून खाली पाडले. कामावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला होता, एवढेच. शेजारच्या वर्गात संतकाव्यावरचा तास चालू होता आणि खिडक्या उघड्या होत्या. आमच्यापैकी एकाने मुकादमाला हटकले, तेव्हा तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "सर, सिमेंटच आहे ते." त्याला काय सांगावे हे आम्हाला त्या क्षणी सुचले नाही. 'अ‍ॅस्बेस्टॉस' म्हटले असते तर तो शब्द त्याच्यापर्यंत पोचला नसता. आणि दुसरा शब्द आमच्याजवळ, भाषा शिकवण्याचा पगार घेणाऱ्यांजवळ, नव्हता. आम्ही खिडक्या लावून घेतल्या.

तुकडे वाया गेले नाहीत. ग्रंथालयाकडे जाणाऱ्या पाऊलवाटेवर ते अंथरून वर मुरूम टाकला. मुरूम पहिल्याच पावसात बराचसा वाहून गेला आणि करड्या कडा वर आल्या. प्राचार्यांना आम्ही दोनदा पत्र दिले आहे. वाटेवर आता चिखल होत नाही म्हणून मुले खूश आहेत.