चॅलेंजर दुर्घटना : स्मृती आणि ऐतिहासिक पुरावा

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले; सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी अटलांटातील एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर व निकोल हार्श यांनी १०६ विद्यार्थ्यांकडून ही बातमी कोठे व कशी कळली, हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारण्यात आले. बातमी प्रथम दूरचित्रवाणीवरून कळल्याचे आरंभी २१ टक्क्यांनी, तर नंतर ४५ टक्क्यांनी सांगितले. उत्तरे बदलली, विश्वास मात्र बहुधा अढळ होता. स्वहस्ताक्षरातील पूर्वीची नोंद पाहूनही मूळ आठवण जागी झाली नाही. तात्पर्य, साक्षीदाराचा ठामपणा हा सत्याचा पुरावा नव्हे. मौखिक साधने वापरताना निवेदन केव्हा नोंदविले गेले, हे इतिहासकाराने प्रथम तपासणे अगत्याचे ठरते.